नळदुर्गचा सेतू : धरण, पूल आणि पाणीमहाल

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर बोरी नदीच्या काठी नळदुर्ग हे गाव आहे. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील हे ठिकाण आज प्रवाशांना ठाऊक आहे ते तेथील किल्ल्यामुळे आणि विशेषतः त्या किल्ल्यातील पाणीमहालामुळे. बोरीचे पाणी भरपूर असले म्हणजे पाणीमहालाच्या दोन्ही बाजूंना ‘नर’ आणि ‘मादी’ या नावांचे दोन धबधबे कोसळू लागतात व ते पाहण्यास दूरदूरचे लोक जमतात. किल्ल्याचा इतिहास गॅझेटियरांतून व स्थलवर्णनांतून पुष्कळ वेळा सांगितला गेला आहे. तथापि ज्या बांधकामामुळे हा किल्ला दख्खनच्या दुर्गांत एकमेव ठरतो ते बांधकाम नेमके कोणत्या जातीचे, त्याला धरण म्हणावयाचे, पूल म्हणावयाचे की महाल म्हणावयाचे, या प्रश्नाकडे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. प्रश्न वरकरणी केवळ नावाचा दिसतो. परंतु त्या बांधकामाचा काळ ठरविताना जो घोटाळा झाला आहे, त्याचे मूळ या नावांतच आहे, असे बारकाईने पाहता दिसून येते.

प्रथम स्थळाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. बसाल्ट खडकाचे एक पठार बोरीच्या खोऱ्यात पुढे आलेले आहे व त्याच्या बाजूंनी नदी वाहते. पश्चिमेकडे तेवढी या पठाराची मान मुख्य भूमीस जोडलेली असल्याने तेथे खंदक खोदून व दुहेरी तटबंदी उभारून किल्ला बळकट केला आहे. एकंदर ११४ बुरूज मोजले जातात. त्यांपैकी नऊ पाकळ्यांचा नवबुरूज शिल्पाच्या दृष्टीने लक्षणीय होय. सर्वांत उंच उपली बुरूज मात्र टेहळणीसाठीच बांधलेला असून त्याच्या माथ्यावर हत्ती तोफ व मगर तोफ या नावांच्या दोन तोफा आहेत. विजापुरातही याच नावाचा उंच बुरूज आहे व तो १५८४च्या सुमारास बांधला गेला. ‘उपली’ म्हणजे वरची, उंचावरची. दखनी बोलीतला हा साधा शब्द दोन ठिकाणी विशेषनाम होऊन बसला आहे. नदीच्या पैलतीरावर रणमंडळ नावाचा दुसरा, लहान किल्ला आहे. नळदुर्ग व रणमंडळ यांच्यामध्ये नदीच्या पात्रात आडवी अशी जी प्रचंड दगडी भिंत घातलेली आहे, तीच येथे विचारात घ्यावयाची वास्तू होय.

ही भिंत तीन कामे एकाच वेळी करते. ती पाणी अडवते. तिच्या माथ्यावरून माणूस एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात जातो. आणि तिच्या पोटात, माथ्यावरून जिन्याने खाली उतरून जावे लागते अशा जागी, दालने आहेत. पाण्याचा लोंढा सांडव्यांवरून पुढे कोसळत असता दालनात बसलेल्या माणसाच्या अंगावर थेंब पडत नाही. खिडकीतून समोर पाण्याचा पडदा दिसतो आणि पाठीशी सबंध तलावाचा भार असतो. दोन सांडव्यांना नर व मादी म्हणण्यात काही गूढ शोधण्याचे कारण नाही. एकात एक बसणाऱ्या किंवा जोडीने काम करणाऱ्या दोन भागांना असे म्हणण्याची कारागिरांत रीतच आहे.

युरोपातील मध्ययुगीन पुलांशी या वास्तूची तुलना केली असता तिचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. प्राग शहरात व्ल्टावा नदीवर जो दगडी पूल आहे त्याचा पाया सम्राट चौथा चार्ल्स याने १३५७ मध्ये घातला. त्यापूर्वीचा, बाराव्या शतकातील युडिथ पूल १३४२च्या पुरात वाहून गेला होता. पुलाच्या दोन्ही टोकांना मनोरे आहेत. जुन्या शहराच्या बाजूचा मनोरा पेटर पार्लर याच्या कार्यशाळेचा मानला जातो. पलीकडील बाजूस दोन मनोरे असून त्यांतील लहान मनोरा जुन्या युडिथ पुलाचा अवशेष आहे. हे मनोरे शोभेसाठी नव्हते. पुलावरून जाणारा रस्ता म्हणजे नगराची नाडी, आणि ती नाडी ज्याच्या हातात त्याच्या हातात नगर. १६२१ मध्ये बोहेमियातील बंड मोडल्यावर ज्यांना देहान्त शासन झाले त्यांपैकी बारा जणांची शिरे याच मनोऱ्यावर टांगण्यात आली. सर्वांनी पाहावीत अशी दुसरी जागा नगरात नव्हती. १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने नदीपलीकडील भाग घेतला. परंतु पुलावरून जुन्या शहरात शिरणे त्याला जमले नाही. त्या लढाईत जुन्या शहराच्या मनोऱ्याची नदीकडील बाजू उद्ध्वस्त झाली व तिच्यावरील शिल्पे नष्ट झाली. आज मनोरा चढून पाहणाऱ्या प्रवाशाला पूर्वेकडील बाजू मूर्तींनी भरलेली आणि पश्चिमेकडील बाजू उघडीबोडकी दिसते, ती त्यामुळे.

नळदुर्गच्या सेतूवर असा मनोरा नाही. त्याचे कारण कारागिरांच्या उणिवेत नसून वाटेच्या स्वरूपात आहे. प्रागचा पूल हा सार्वजनिक रस्ता होता. व्यापारी, शेतकरी, राजा, शत्रू हे सर्व त्याच वाटेने यावयाचे, म्हणून दारावर पहारा हवा. नळदुर्गच्या बांधावरून जाणारी वाट एका तटाच्या आतून निघते आणि दुसऱ्या तटाच्या आत संपते. बाहेरच्या माणसाचे तिच्यावर काही काम नाही. ती किल्ल्याच्या पोटातलीच वाट होय. नदी तेवढी मध्ये आली आहे. अशा वाटेला स्वतंत्र मनोऱ्याची गरज नसते, कारण दोन्ही किल्ले हेच तिचे मनोरे असतात. म्हणूनच जी खोली युरोपीय स्थपतीने पुलावर उंच उचलून धरली ती येथील स्थपतीने पुलाच्या पोटात खाली उतरविली. तेथे खोलीतून रस्ता पाहावयाचा होता, येथे पाणी पाहावयाचे होते.

सार्वजनिक रस्त्याचा पूल नळदुर्गास वेगळा होता, आणि प्रागच्या पुलाची आठवण व्हावी असा प्रसंग त्याच्याही वाट्याला आला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानावरील लष्करी कारवाई सुरू झाली, तेव्हा सोलापूरच्या बाजूने शिरणाऱ्या भारतीय सैन्याचा पहिला प्रश्न बोरीवरील पूल हाच होता. तो उडविला गेला असता चिलखती दलाची सबंध चाल खोळंबली असती. वेग आणि अनपेक्षितपणा यांच्या बळावर पूल शाबूत हाती आला. दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गची ठाणी घेतली आणि सकाळी नऊच्या सुमारास सैन्य पुढे जळकोटास पोहोचले. त्याच दिवशी नळदुर्गच्या परिसरात हवालदार बचित्तर सिंग यांना वीरमरण आले व त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. ज्या किल्ल्यासाठी तीन शतकांपूर्वी राज्ये झगडली, त्याच्यापेक्षा त्या पहाटे रस्त्यावरचा पूल अधिक मोलाचा ठरला.

म्हणजे नळदुर्गास एक पूल आहे व एक सेतू आहे. हा भेद शब्दच्छलाचा नव्हे. ‘पूल’ हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि त्याचा अर्थ पहिल्यापासून एकच : ओलांडण्याची बांधीव वाट, जिच्याखालून पाणी मोकळे वाहते. ‘सेतू’चे तसे नाही. बांधणे या अर्थाच्या ‘सि’ धातूपासून झालेल्या या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच बांध हा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सेतू म्हणजे पाणी अडविण्याचे बांधकाम. गिरनारजवळील सुदर्शन तलावाविषयीच्या रुद्रदामनाच्या इसवी सन १५०च्या सुमाराच्या शिलालेखातही सेतुबंध हा शब्द धरणासाठी योजिलेला असून त्याच्या जोडीला पाणी वाहून नेणाऱ्या प्रणाळ्या आणि परीवाह यांचा निर्देश येतो. परीवाह म्हणजे आपल्या बोलीतला सांडवा. रामायणातील सेतूही वस्तुतः समुद्रात घातलेला बांध आहे, त्याला कमानी नाहीत. बांधावरून चालत जाता येते, म्हणून ‘बांध’ या अर्थावरून ‘ओलांडण्याची वाट’ हा अर्थ निघाला. पुढे ‘पूल’ हा शब्द रुळला तेव्हा ओलांडण्याचा अर्थ त्याने उचलला, अडविण्याचा अर्थ ‘धरण’, ‘बांध’, ‘बंधारा’ या शब्दांकडे राहिला, आणि ‘सेतू’ हा काव्यात व पुराणात तेवढा उरला. एका शब्दाचे दोन तुकडे झाल्याने ज्या वास्तूत ते दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते तिला नाव उरले नाही. नळदुर्गच्या भिंतीला कोणी धरण म्हणतो, कोणी बंधारा म्हणतो. पूल सहसा कोणी म्हणत नाही. जुन्या अर्थाने ती सेतू आहे आणि हा एकच शब्द तिला पुरता लागू पडतो.

येथे एक मोह टाळला पाहिजे. रामाचा सेतू बांधणारा वानर नळ, आणि दुर्ग नळाचा. लोककथेने मात्र हा नळ घेतला नाही. तिने दमयंतीचा पती नळराजा पसंत केला आणि किल्ल्याचे नाव त्याच्याशी जोडले. नळ या शब्दाचा बोरूसारखे पोकळ गवत किंवा पाण्याची नळी असाही अर्थ आहे, आणि पाण्याच्या किल्ल्याला तो शोभेल. शोभतो म्हणून तो खरा ठरत नाही. हे नाव सेतूहून जुने असण्याचाच संभव अधिक, कारण आदिलशाहीच्या पूर्वी बहमनी अमलातही किल्ला होता. फारसी तवारिखांत त्याला ‘शाहदुर्ग’ म्हटले आहे. राजाज्ञेचे ते नाव कागदावर राहिले व लोकांच्या तोंडी जुनेच टिकले, हा आपल्या स्थलनामांचा नेहमीचा अनुभव आहे.

पाणी अडविणारी भिंत, तिच्यावर वाट आणि तिच्यातच बसण्याची जागा, ही कल्पना इराणी जगाला मात्र परिचित होती. शुश्तर येथील कारून नदीवरचा सासानी काळातील बंद-ए-कैसर हा धरणही होता आणि पूलही. इस्फहानचा ख्वाजू पूल दुसऱ्या शाह अब्बासाने १६५०च्या सुमारास बांधविला. त्याच्या कमानींना दारे लावून पाणी अडविता येते, व मध्यभागी शाहाला बसण्यासाठी सज्जा केलेला आहे. विजापूरच्या दरबारी इराणी माणसांचा राबता मोठा होता हे प्रसिद्धच आहे. परंतु नळदुर्गची कल्पना इस्फहानहून आली असे म्हणता येत नाही, कारण ख्वाजू पूल नंतरचा. शिवाय ख्वाजूची बैठक पुलाच्या पातळीवर आहे. ती भिंतीच्या गाभ्यात उतरविण्याचे धाडस नळदुर्गचेच.

आता ‘महाल’ या शब्दाकडे वळावयास हरकत नाही. आजच्या मराठी वाचकाला महाल म्हटला की राजवाडा आठवतो, आणि पाणीमहाल म्हणताच विलासी सुलतान, गवई व वाद्ये यांचे चित्र उभे राहते. दुसरा इब्राहीम आदिलशाह संगीताचा मोठा भोक्ता असल्याने हे चित्र आणखी पक्के झाले. परंतु महाल या अरबी शब्दाचा मूळ अर्थ उतरण्याची जागा, मुक्काम, एवढाच आहे. मराठी राज्यकारभारात महाल म्हणजे मुलुखाचा वसुली विभाग, आणि शिवकालीन ‘अठरा कारखाने, बारा महाल’ या जोडीत महाल म्हणजे कारभाराचे खाते. महालकरी हा शब्द तर अलीकडेपर्यंत सरकारी कागदांत होता. तेव्हा पाणीमहाल या समासाचा ‘पाण्याचे ठिकाण’ असा साधा अर्थ व्याकरणाला मुळीच नामंजूर नाही. त्यावरून ही दालने केवळ पहाऱ्याची किंवा पाण्यावर देखरेख करण्याची होती असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. धबधब्यासमोर खिडकी ठेवणाऱ्याला सौंदर्याची दृष्टी होती, यात शंका नाही. परंतु विलास हा या बांधकामाचा हेतू नव्हे, ती त्याच्यावरची साय आहे. शब्दाच्या आजच्या अर्थाने सायीलाच दूध ठरविले.

या चुकीचा परिणाम कालनिर्णयावर झाला. हैदराबाद संस्थानाविषयीच्या इंग्रजी गॅझेटियरात असे म्हटले आहे की, अली आदिलशाहाने १५५८ मध्ये तटबंदीची नवी रांग उभारली आणि शिबंदीला पाण्याचा कायम पुरवठा व्हावा म्हणून बोरीवर धरणही बांधले. १८५३ मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा तेथे अधिकारी म्हणून आलेला कर्नल मेडोज टेलर काही वर्षे किल्ल्यातच राहत होता. १८७७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मचरित्रात नळदुर्गचे जे भरघोस वर्णन आहे, त्याचा प्रभाव पुढील लेखनावर पडला. याच्या उलट पाणीमहालाचे श्रेय तेथील फारसी शिलालेखाच्या आधारे दुसऱ्या इब्राहीमाच्या कारकिर्दीला, म्हणजे १५८० ते १६२७ या काळाला, आणि मीर इमादीन या स्थपतीला दिले जाते. दोन्ही विधाने एकाच पुस्तकात शेजारी शेजारी छापलेली आढळतात व वाचकाला त्यांत विसंगती जाणवत नाही. धरण वेगळे आणि महाल वेगळा; धरण काकाचे, महाल पुतण्याचा. दोन शब्द असल्याने दोन वास्तू झाल्या आणि दोन वास्तूंना दोन कर्ते मिळाले.

परंतु वास्तू एकच आहे. दालने धरणावर बांधलेली नाहीत, ती धरणाच्या गाभ्यात आहेत. पाण्याचा अखंड दाब सोसणाऱ्या भिंतीला मागाहून पोखरून तिच्यात जिना, खोल्या व खिडक्या काढणे कोणत्याही शहाण्या गवंड्याला सुचणार नाही. तशी पोकळी ठेवावयाची तर पायापासून भिंतीची जाडी, सांडव्यांची जागा आणि दालनाची छत या सर्वांचा मेळ आधीच घालावा लागतो. म्हणून शिलालेख जर दालनांचा असेल तर तो धरणाचाही आहे, निदान आज उभे असलेल्या धरणाचा आहे. त्यापूर्वी त्या जागी लहानसा बांध असणे अशक्य नाही, आणि १५५८च्या विधानाला तेवढाच आधार उरतो.

हे मान्य केले तर नळदुर्गच्या सर्वांत मोठ्या वेढ्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. १५८० मध्ये अली आदिलशाहाचा खून झाला. गादीवर आलेला पुतण्या इब्राहीम अवघा नऊ वर्षांचा होता व राज्याची पालक म्हणून अलीची विधवा चांदबीबी हिच्याकडे पाहिले जात होते. ही दुर्बळता हेरून अहमदनगर आणि गोवळकोंडा यांच्या फौजा एकत्र झाल्या आणि त्यांनी नळदुर्गला वेढा घातला. चांदबीबी ही अहमदनगरच्याच निजामशाही घराण्यातली. तिच्या माहेरची फौज तिच्या सासरच्या किल्ल्याखाली ठाण मांडून बसली होती. वेढा लांबला, तोफा चालल्या, परंतु किल्ला पडला नाही. या यशाचे श्रेय देताना धरणाच्या अखंड पाण्याचा उल्लेख करण्याचा मोह होतो. धरण त्या वेळी आजच्या रूपात नसेल तर हे श्रेय तट, खंदक आणि शिबंदी यांनाच दिले पाहिजे.

आणि मग कार्यकारणाची दिशा उलटी असण्याचा संभव पुढे येतो : धरण होते म्हणून वेढा सोसला असे नसून, वेढा सोसला म्हणून धरण बांधले. नदी जवळ असूनही ती खाली, तटाच्या बाहेर वाहते. समोरच्या काठावर शत्रूने ठाणे दिले की तिचे पाणी दिसते पण मिळत नाही. यावर उपाय दोनच. पलीकडचा काठ आपल्या ताब्यात आणावयाचा आणि पाणी वर उचलून तटाशी आणावयाचे. रणमंडळाची तटबंदी पहिले काम करते, बोरीवरची भिंत दुसरे करते, आणि ती भिंत वाट झाल्यामुळे दोन्ही कामे एकमेकांना जोडली जातात. सेतूवाचून रणमंडळ एकाकी, आणि रणमंडळावाचून सेतूचे पैल टोक शत्रूच्या हाती. हे दोन्ही एका योजनेचे भाग आहेत असे मानल्यावाचून त्यांपैकी एकाचाही उलगडा होत नाही. पहिल्याच वर्षी नळदुर्ग जाता जाता वाचलेला पाहणाऱ्या राज्याला ही योजना सुचली असेल तर त्यात नवल नाही. हे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु केवळ विलासासाठी नदीला भिंत घातली, या समजुतीपेक्षा ते वास्तूला अधिक धरून आहे.

पुढे १६८६ मध्ये, विजापूर पडले त्याच वर्षी, नळदुर्ग मोगलांकडे गेला. नंतर निजामाच्या अमलात तो राहिला आणि १८६० मध्ये इंग्रजांनी मुलूख परत केल्यावर पुन्हा निजामाकडेच आला. जिल्ह्यालाही काही काळ नळदुर्गचेच नाव होते. या दीर्घ काळात सेतूची पाणी अडविण्याची बाजू चालू राहिली आणि ओलांडण्याची बाजू निरुपयोगी झाली, कारण रणमंडळात जाण्याचे कोणालाच कारण उरले नाही. लोकांच्या बोलण्यातून पुलाचा अर्थ गळाला तो बहुधा याच काळात. आता नदीच्या वरच्या अंगाला बोरीवरील नवे धरण आहे. ते भरून वाहू लागले म्हणजे खाली नर व मादी वाहू लागतात, आणि त्या दिवसांत पाणीमहालाकडे जाणाऱ्यांची रीघ लागते. सेतूच्या टोकापर्यंत चालत जाऊन रणमंडळ पाहणारे त्या मानाने थोडे.

या वास्तूच्या कालनिर्णयाचा पुरावा तिच्यातच साठलेला आहे. पाणीमहालाच्या जिन्याच्या बाजूभिंती आणि बांधाचा गाभा यांतील दगडांचे थर एकमेकांत गुंतलेले आहेत की नुसते टेकलेले, दोन्ही ठिकाणचा चुना एका जातीचा आहे की नाही, आणि रणमंडळाच्या तटाशी बांध जेथे मिळतो तेथील सांधा कसा आहे, हे उन्हाळ्यात पाणी उतरले असता मोजपट्टी घेऊन पाहता येते. स्थापत्य आणि इतिहास या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी ते एकत्र पाहावे. जिन्यावरील व दालनांतील थरांपासून आरंभ केल्यास काम सोपे होईल, कारण तेथे दगड उघडा आहे.